मार खाणाऱ्या बाईने नवऱ्याला मारलं, तर तिला फाशी होते का?

दिघ्याहून एका भावाने विचारलं आहे. त्याच्या मोठ्या बहिणीने नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला. तो झोपेत होता, जागीच गेला. लग्नाला बारा वर्षं, दोन मुली, आणि मार पहिल्या वर्षापासून. ती स्वतः चालत पोलीस ठाण्यात गेली. आता अख्खी चाळ म्हणते की हिला फाशीच होणार. सासरचे मुलींना घेऊन गावी गेले आहेत. ओळखीतल्या एका वकिलाने सांगितलं आहे की काहीच कबूल करू नका, ती तेव्हा घरात नव्हतीच असं म्हणा. भावाचे प्रश्न दोन: ताईला फाशी होईल का, आणि आम्ही आता काय करायचं?

मी ठाण्याच्या सत्र न्यायालयात आरोपीच्या बाजूने फौजदारी खटले चालवते. नवऱ्याच्या खुनाच्या आरोपातल्या बायकांची वकीलपत्रं मी बरीच घेतली आहेत. त्या अनुभवावरून सांगते.

फाशीची भीती मनातून काढा. कागदावर ती शिक्षा आहे हे खरं. 1 जुलै 2024 नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम 103 लागतं, त्याआधीच्या घटनेला जुन्या दंडसंहितेचं 302. दोन्हींत खुनाला शिक्षा दोनच, फाशी किंवा जन्मठेप. पण 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने बच्चन सिंग खटल्यात सांगून ठेवलं आहे की नियम जन्मठेपेचा आणि फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. त्याच निकालात शिक्षा सौम्य करणाऱ्या ज्या गोष्टी मान्य केल्या आहेत, त्या तुमच्या ताईसाठीच लिहिल्यासारख्या आहेत: आरोपी तीव्र मानसिक किंवा भावनिक ताणाखाली होता का, दुसऱ्याच्या दडपणाखाली होता का, आपण करतोय ते नैतिकदृष्ट्या योग्य आहे असं त्याला परिस्थितीमुळे वाटलं का. शिवाय फाशी द्यायची तर सत्र न्यायाधीशांना खास कारणं लिहावी लागतात, आणि उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अंमलात येत नाही. महाराष्ट्रात ज्या स्त्रियांच्या फाशीची सर्वांत जास्त चर्चा झाली त्या कोल्हापूरच्या गावित बहिणी. त्यांचा गुन्हा लहान मुलांना पळवून मारण्याचा होता. त्यांचीही फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये, दयेच्या अर्जावर झालेल्या विलंबामुळे, जन्मठेपेत बदलली. मार खाऊन नवऱ्याला मारलेल्या बाईला फाशी झाल्याचं मी ठाण्यात पाहिलेलं नाही.

खरा धोका जन्मठेपेचा आहे. आणि तो 'बाई वाईट होती' म्हणून येत नाही. बारा वर्षांच्या मारहाणीचा एकही कागद फाईलमध्ये नसतो, म्हणून येतो. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

तुमची ताई ठाण्यात गेली तेव्हा तिने सगळं सांगितलं असेल. तो कसा मारायचा, त्या रात्री काय झालं, शेवटी तिने काय केलं. पोलिसांनी ते लिहूनही घेतलं असेल. पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, आता साक्ष अधिनियमाचं 23. आरोपीने स्वतः दिलेली फिर्याद कबुलीजबाबाच्या स्वरूपाची असेल तर तीही बाजूला ठेवावी लागते, हे 1966 पासून ठरलेलं आहे. नियम आरोपीच्या संरक्षणाचाच आहे आणि तो हवाच. पण त्याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. त्या जबाबाबरोबर तिची मारहाणीची हकीकतही सहसा खटल्याबाहेर राहते. म्हणजे तिने पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगितलेलं असतं, आणि दोन-तीन वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा न्यायाधीशांसमोर त्यातलं काही नसतं.

आणि जे असतं ते सरकारी बाजूने आलेलं असतं. दीर, सासू, शेजारी साक्ष देतात की दोघांत नेहमी भांडणं व्हायची, तो प्यायचा, ती त्याच्यावर चिडून असायची. सरकारी वकील यातून हेतू सिद्ध करतात. बाई मारहाणीला कंटाळली होती, म्हणून तिने काटा काढला. जी मारहाण तिच्या बचावाची ढाल व्हायची, तीच तिच्या विरोधातला हेतू होऊन बसते. बचाव पक्ष गप्प राहिला तर ती हकीकत कायम त्याच स्वरूपात राहते.

म्हणून त्या वकिलाचा सल्ला ऐकू नका. 'घरात नव्हतीच' हा बचाव इतर गुन्ह्यांत चालेल, इथे तो जन्मठेपेकडे नेतो. खोलीत चौघंच होती, त्यांत दोन लहान मुली. चार भिंतींच्या आत मृत्यू झाला की काय घडलं ते ज्याला खास माहीत आहे त्या माणसाने सांगावं, अशी अपेक्षा कायदा धरतो. त्रिमुख मारोती किरकण खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, तोही महाराष्ट्रातलाच खटला. तिथे नवरा आरोपी होता, पण तत्त्व बायकोलाही तितकंच लागतं. आपण घरी नव्हतो हे खोटं पडलं की ते खोटं बोलणंच आरोपीविरुद्धचा आणखी एक दुवा ठरतं. आणि 'मी मारलंच नाही' म्हणणाऱ्या बाईला 'मी भीतीपोटी मारलं' असं म्हणायला तोंड राहत नाही. कायद्याने तसं बंधन नाही. पुराव्यातूनच स्वसंरक्षण दिसत असेल तर आरोपीने ते स्पष्ट मांडलं नसलं तरी न्यायालय विचारात घेऊ शकतं. पण जे समोर आलंच नाही त्याचा विचार न्यायाधीश कुठून करणार?

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगते. साक्षी संपल्या की न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. पूर्वी कलम 313, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 351. प्रश्नांची टाइप केलेली यादी असते, साक्षीदार क्रमांक एकने असं सांगितलं, त्याबद्दल तुम्हाला काय म्हणायचं आहे. बाई पिंजऱ्यात उभी असते, पोलीस महिला शेजारी, आणि वकिलाने सांगून ठेवलेलं असतं. उत्तरांचा रकाना वरून खाली वाचा: 'खोटं आहे.' 'खोटं आहे.' 'माहीत नाही.' 'खोटं आहे.' शेवटचा प्रश्न नेहमीचा असतो, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? उत्तर तयार असतं, 'माझ्यावर खोटी केस केली आहे.' खाली अंगठा. अख्ख्या खटल्यात तिला स्वतःच्या तोंडाने बोलायची ती मुख्य जागा होती. लेखी निवेदन द्यायचीही तिथे मुभा आहे. बारा वर्षं त्या एका प्रश्नाच्या उत्तरात मावली असती. अशा खटल्यांच्या अपिलाच्या फाईली माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी तो रकाना वाचते, आणि बहुतेक वेळा तिथेच कळतं की जन्मठेप का झाली.

आता कायद्याच्या अवघड जागेकडे येऊ. ताईने तो झोपेत असताना मारलं. सुटकेचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही तिथे अरुंद होतात.

पहिला स्वसंरक्षणाचा, न्याय संहितेची कलमं 34 ते 44. जीव जाईल, जबर दुखापत होईल किंवा बलात्कार होईल अशी रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो, आणि हल्ला प्रत्यक्ष सुरू व्हायची वाट पाहावी लागत नाही. धमकीतून रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, आणि भीती असेपर्यंत राहतो. न्यायालयं मात्र झोपलेल्या माणसापासून कसली भीती, असं विचारतात. (नवऱ्याने केलेला बलात्कार, बायको अठराच्या वरची असेल तर, आजही बलात्काराच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे रोज रात्री जे सोसलं ते या हक्काच्या यादीत सरळ घालता येत नाही. मला हे नेहमी सलतं.) म्हणून त्या रात्री झोपण्याआधी तो काय म्हणाला, हे महत्त्वाचं आहे. 'सकाळी तुला आणि पोरींना पेटवतो' असं म्हणाला होता का? याआधी तसं म्हणून कधी रॉकेल ओतलं होतं का? असं काही घडलं असेल तर ते शब्द जसेच्या तसे पुढे यायला हवेत. घडलं नसेल तर रचू नका. उलटतपासणीत रचलेलं टिकत नाही, आणि मग खरं होतं तेही बुडतं.

दुसरा रस्ता गंभीर आणि अचानक चिथावणीचा. तो सिद्ध झाला तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो, कलम 105. मारण्याचा इरादा होता असं दिसलं तर त्यात जन्मठेप किंवा 5 ते 10 वर्षं, नुसती जाणीव होती असं दिसलं तर 10 वर्षांपर्यंत. इथे अडतं ते 'अचानक' या अटीवर. ती अट आपल्याकडे पक्की झाली ती मुंबईतल्याच नानावटी खटल्यात. नौदलाचा अधिकारी, 27 एप्रिल 1959, पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. तो दीडच्या सुमारास घरातून निघाला आणि खून चार वीसला झाला. मधल्या जवळपास तीन तासांत राग शांत व्हायला पुरेसा वेळ होता, म्हणून चिथावणीचा अपवाद लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. निकाल योग्यच होता. पण पत्नीच्या प्रेमप्रकरणाने भडकलेल्या बंदूकधारी पुरुषावरून बसलेली ही कसोटी आज आपण रात्रभर मार खाऊन पहाटे वरवंटा उचलणाऱ्या बाईला लावतो. त्याचा राग वेळेबरोबर उतरायला हवा होता हे पटतं. तिची भीती मात्र वेळेबरोबर वाढते, कारण तो उठेल हे तिला माहीत असतं. तो जागा असताना ती त्याच्याशी ताकदीने लढू शकत नाही. म्हणून अशा घटना झोपेत किंवा दारूच्या नशेत घडतात. कायदा त्यात थंड डोक्याचा कट शोधतो.

नानावटी निकालातच एक वाक्य मात्र आमच्या कामाचं आहे. मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली, तीही विचारात घेता येते. त्या दारातून मद्रास उच्च न्यायालयाने 1989 साली सुयंबुक्कनी खटल्यात, दीर्घकाळ साचत गेलेली चिथावणीही अपवादात धरावी अशी मांडणी केली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने 2013 मध्ये मंजू लाक्रा खटल्यात सतत मार खाल्लेल्या स्त्रीची मानसिक अवस्था लक्षात घेऊन खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आणली. तिथे मारहाण चालू असताना घाव बसला होता, त्यामुळे तुमच्या ताईच्या केसला तो निकाल जसाच्या तसा लागणार नाही, हे आधीच सांगते. पण पाय ठेवायला जागा आहे.

म्हणून निर्दोष सुटका होईल असं आश्वासन मी देत नाही, आणि कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका. 103 वरून 105 वर आणणं, हे या केसमध्ये लढण्यासारखं उद्दिष्ट आहे. जन्मठेप आणि पाच वर्षं यांत दोन मुलींचं बालपण आहे. जन्मठेपेत सरकारकडून माफी मागायची तरी आधी 14 वर्षं आत काढावी लागतात.

फाशीबद्दल आणखी थोडं, कारण तुमच्या चाळीतले लोक जे बोलतात ते जगात खरंच घडतं. इराणमध्ये खुनाला किसासचा कायदा आहे, म्हणजे मृताचे वारस जीव मागू शकतात. झैनब सेकानवंद पंधराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, नवऱ्याच्या खुनाच्या आरोपाच्या वेळी सतरा वर्षांची, ऑक्टोबर 2018 मध्ये फासावर गेली. बालवधूच असलेली समीरा सब्झियान डिसेंबर 2023 मध्ये. मारहाणीची हकीकत तिथे शिक्षा ठरवताना मोजली जात नाही, वारस माफ करतात का एवढंच पाहतात. सुदानमध्ये नूरा हुसेनने बलात्कार करणाऱ्या नवऱ्याला भोसकलं. 2018 च्या मे महिन्यात फाशीची शिक्षा सुनावली गेली, जगभरातून आवाज उठला, आणि पुढच्याच महिन्यात अपिलात ती पाच वर्षांवर आली. चीनमध्ये ली यानने आधी पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या, तरी 2011 मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती 2014 मध्ये रद्द करून खटला परत पाठवला, आणि 2015 मध्ये अंमलबजावणी स्थगित असलेली फाशीची शिक्षा दिली, जी तिथे सहसा जन्मठेपेत उतरते. न्याय तोच, देश तोच, आणि आधी नाकारलेली मारहाण नंतर ऐकून घेतली, एवढाच मधला फरक.

तुमच्या ताईच्या सगळ्यांत जवळची केस मात्र इंग्लंडची आहे. किरणजित अहलुवालिया, मूळची पंजाबची, लग्नानंतर तिकडे गेलेली. दहा वर्षं मार खाल्ल्यावर 1989 मध्ये तिने झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. खुनासाठी जन्मठेप झाली. 1992 मध्ये अपिलात तिच्या मानसिक अवस्थेचा वैद्यकीय पुरावा, जो आधी मांडलाच गेला नव्हता, तो पुढे आला. फेरखटल्याचा आदेश झाला, त्यात शिक्षा तीन वर्षं चार महिन्यांवर आली आणि तेवढी तिने भोगलेलीच होती. पुढे इंग्लंडने 2009 च्या कायद्याने 'अचानक' ही अटच काढून टाकली आणि गंभीर हिंसेची भीती हे कारण म्हणून मान्य केलं. आपण 2023 मध्ये दीडशे वर्षांहून जुनी दंडसंहिता बदलली, पण 'गंभीर आणि अचानक' तसंच उचलून नव्या संहितेत ठेवलं. ती बदलायची संधी होती, दवडली. माझं स्पष्ट मत आहे की अशा प्रकरणात फाशीचा पर्याय कायद्यातच नसावा, आणि 'अचानक' ही अट जायला हवी. पण ताईची केस आजच्या कायद्याने चालणार आहे.

तर आता काय करायचं. अटकेनंतर लगेच आरोपीची वैद्यकीय तपासणी होते, बाईची बाई डॉक्टरकडून. अंगावरच्या जखमा आणि त्या साधारण किती जुन्या आहेत हे डॉक्टरांनी लिहायचं असतं, आणि त्याची प्रत आरोपीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला मिळण्याचा हक्क आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 53. ती प्रत आजच मागा. 'जखमा नाहीत' एवढंच लिहिलं असेल आणि अंगावर जुने व्रण असतील, तर पुढच्या रिमांडला न्यायदंडाधिकाऱ्यांना ताईने स्वतः दाखवायचे आणि पुन्हा तपासणीचा अर्ज द्यायचा. व्रण पुसट होतात, त्यामुळे हे काम थांबत नाही.

मग जुने केस पेपर. कळव्याचं महापालिका रुग्णालय, वाशीचं, ऐरोलीचं, चाळीजवळचा डॉक्टर, जिथे जिथे ती गेली असेल. तुम्हाला तिथे 'जिन्यावरून पडली', 'बाथरूममध्ये घसरली' असं लिहिलेलं सापडेल, कारण नवरा शेजारी उभा होता. निराश होऊ नका. एक बाई तीन वर्षांत चार वेळा जिन्यावरून पडते आणि दर वेळी डाव्या गालावर आणि मनगटावर लागतं, हे न्यायाधीशांना दाखवता येतं. मी अशाच पडण्यांची तारीखवार यादी करून युक्तिवादाला जोडते. हाडं जुळलेली असतील तर एक्स-रे काढून घ्या, तो बोलतो.

पोलीस ठाण्यात तिने कधी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवली होती का? अशा तक्रारींच्या प्रमाणित प्रती वकिलामार्फत मागा, नाही दिल्या तर न्यायालयाकडून मागवता येतात. 112 (आपत्कालीन मदत) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) वर फोन केला असेल तर तारीख आठवा. तिचा मोबाइल पोलिसांनी जप्त केला असेल. त्यात धमक्यांचे व्हॉइस मेसेज असतील तर ते पंचनाम्यात येतील असं पाहा, आणि तिने बहिणीला किंवा तुम्हाला पाठवलेले फोटो तुमच्या फोनमध्ये असतील तर ते पुढे पाठवत बसू नका, मूळ फोन तसाच ठेवा. डिजिटल पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यासाठी तोच लागेल.

शेजाऱ्यांशी बोला, पण शिकवू नका. चाळीच्या पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू जातं, तरी साक्षीला म्हणतात की नवरा-बायकोचं भांडण होतं, आम्ही कशाला मध्ये पडू. तिला रात्री आसरा दिलेली एखादी बाई असतेच. ती सरकारी साक्षीदार असली तरी उलटतपासणीत तिला ते विचारता येतं, आणि आमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा सहसा असाच येतो.

फी परवडत नसेल म्हणून कोणालाही उभं करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन 15100. ताई तुरुंगातूनही अर्ज करू शकते. वकिलाला पहिल्या भेटीत एकच विचारा, तुम्ही 351 च्या वेळी तिला काय बोलू देणार? उत्तर 'काही नाही' असं आलं तर दुसरा वकील पाहा. जामिनासाठी, आरोपी स्त्री आहे ही बाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्ये स्वतंत्रपणे मान्य आहे. खुनाच्या आरोपात तो लगेच मिळणं कठीण, तरी 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर हक्काने मिळतो. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि मुली. त्यांच्यासाठी या आठवड्यातच बाल कल्याण समितीकडे जा. सहा वर्षांच्या आतली मुलगी आईबरोबर तुरुंगात राहू शकते, पण तुमच्या घरी राहणं कधीही बरं. मोठी मुलगी त्या रात्री खोलीत होती, म्हणजे ती साक्षीदार होणार. लहान मुलाची साक्ष कायद्याने चालते, प्रश्न समजून उत्तर देता आलं की पुरे. ती खटला उभा राहीपर्यंत फक्त आजी-काकांच्या घरात वाढली, तर तिला जे आठवतं ते हळूहळू त्यांच्या शब्दांत आठवायला लागतं. तिला काय सांगायचं ते तुम्हीही सांगू नका. दर आठवड्याला तिला भेटता येईल, आईशी मुलाखतीला नेता येईल एवढा आदेश मिळवा. बाबा आईला मारायचे हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ते तिला स्वतःच सांगता येईल.